सोनकी, कंबरमोडी, टणटणी आणि कारवीच्या पानांतील पोखर: एकच नागअळी की निरनिराळे कीटक?

प्रश्न
वाटसरू (सातारा), २१ सप्टेंबर

नमस्कार. मी साताऱ्यातील एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. पावसाचा जोर ओसरल्यापासून रोज सकाळी यवतेश्वर घाटाच्या रस्त्याने तासभर चालायला जाते आणि या वर्षी प्रथमच फुलांबरोबर पानांकडेही बारकाईने पाहू लागले आहे. त्यातून काही प्रश्न उभे राहिले असून माझ्याजवळच्या पुस्तकांत त्यांची उत्तरे मिळाली नाहीत, म्हणून येथे सविस्तर लिहीत आहे.

रस्त्याच्या कडेला जांभ्या खडकाच्या भेगांतून वाढलेल्या सोनकीच्या खालच्या पानांवर पांढुरक्या नागमोडी रेषा दिसतात. रेषेची सुरुवात केसाइतकी बारीक असते. पुढे ती रुंद होत जाते आणि दोन मिलिमीटरच्या आसपास रुंदी झाल्यावर एकाएकी संपते. तिच्या आत काळे ठिपके असतात. घरामागच्या पडीक जागेत एकदांडी पुष्कळ आहे, जिला आमच्याकडे कंबरमोडी म्हणतात. तिच्या पानांवरही अशीच रेषा आहे, परंतु ती स्वतःभोवती अधिक वेटोळी घेते, आणि त्याच पानांवर सुईच्या टोकाने टोचल्यासारखे असंख्य फिकट ठिपकेही आहेत. टणटणीच्या पानांवर रेषा मुळीच नाही. काही पानांवर तपकिरी, वेडेवाकडे चट्टे आहेत, तर काहींचा वरचा भाग बारीक पांढऱ्या ठिपक्यांनी विटल्यासारखा झाला आहे. घाटाच्या वरच्या वळणांवर कारवी आहे. तिच्या पानाची वरची त्वचा नखाएवढ्या जागेत फुगून पांढरी पडलेली आढळली, आणि असे एक पान सूर्यासमोर धरले तेव्हा आत काहीतरी सरकताना मला स्पष्ट दिसले.

मोबाइलमधील ओळख सांगणाऱ्या अॅपने या सर्व छायाचित्रांना एकच उत्तर दिले: ‘लीफ मायनर’. त्यावर विसंबून मी नववीच्या वर्गात ‘ही नागअळी, टोमॅटोवर पडते तीच’ असे सांगून टाकले, आणि आता त्याबद्दल मनात शंका आहे. दुसरीकडे, कोरेगाव तालुक्यात वाघ्या घेवडा पिकवणारे माझे मेहुणे म्हणतात की बांधावरची सगळी रानफुले उपटून टाकली पाहिजेत, कारण नागअळी तेथूनच पिकात येते. त्यांना काय सांगावे, हेही मला कळत नाही.

हे सर्व एकाच कीटकाचे काम आहे का? नसल्यास माझ्याजवळच्या दहापट मोठे दाखवणाऱ्या साध्या भिंगाने त्यांत फरक कसा करावा? चुकीचे शिकवले असल्यास मला ते दुरुस्त करायचे आहे.

उत्तर १
भिंग आणि वही (वाई), २१ सप्टेंबर

नमस्कार बाई. आपण वर्णन इतके नेमके केले आहे की निम्मे काम तेथेच झाले आहे. मी गेली अकरा वर्षे हौसेने पाने पोखरणारे कीटक पाळून पाहतो आहे, त्या अनुभवावर लिहितो.

‘नागअळी’ हे एका कीटकाचे नाव नाही, ती एक राहणी आहे. पानाची वरची आणि खालची त्वचा शाबूत ठेवून मधला हिरवा गर खात राहायचे, ही युक्ती कीटकांच्या चार निरनिराळ्या गणांनी स्वतंत्रपणे आत्मसात केलेली आहे: माश्या, पतंग, भुंगे आणि गांधीलमाश्यांच्या नात्यातील करवतमाश्या. आपल्या भागात आपल्याला मुख्यतः पहिले तीन भेटतात. तेव्हा अॅपने दिलेले उत्तर खोटे नाही, परंतु एखाद्याने ‘हा प्राणी बिळात राहतो’ एवढेच सांगावे तसे ते आहे. बिळात उंदीरही राहतो, खेकडाही राहतो.

फरक करण्यासाठी सर्वांत आधी झाड ओळखावे, कारण यातील पुष्कळ कीटक एकाच वनस्पतीवर किंवा एकाच कुळातील मोजक्या वनस्पतींवर जगतात. झाडाचे नाव चुकले की पुढचे सगळे चुकते. नुसत्या पानाचे छायाचित्र घेऊ नये. त्याच झाडाचे फूल, खोड आणि पानांची मांडणीही घ्यावी.

त्यानंतर पान उजेडासमोर धरावे. येथे मी थोडा रेंगाळणार आहे, कारण सर्वाधिक माहिती या एका कृतीतून मिळते आणि सर्वाधिक लोक हीच कृती करत नाहीत. पानावर वरून उजेड पडला की फक्त पांढरी रेषा दिसते. उजेड मागून आला की आतील विष्ठेची मांडणी, अळीची जागा आणि तिचा आकार दिसतो. माशीची अळी बोगद्यात कुशीवर आडवी पडून खाते. तिला डोके म्हणावे असा कठीण भाग नसतो आणि पायही नसतात. पुढच्या टोकाला फक्त काळे आकडे असतात. ते आकडे कमानीसारखे फिरवत ती गर खरवडते आणि मधूनमधून कूस बदलते. त्यामुळे तिची विष्ठा एकदा बोगद्याच्या एका कडेला, एकदा दुसऱ्या कडेला अशी आलटून पालटून पडते. पतंगाची अळी पोटावर राहून सरळ पुढे खात जाते, म्हणून तिच्या नागमोडी बोगद्यात विष्ठेची रेघ बहुधा मधोमध असते. तिचे डोके तपकिरी, कठीण आणि भिंगातून सहज दिसणारे असते. आपल्या सोनकीच्या पानातील काळे ठिपके दोन्ही कडांना आहेत की मधल्या रेघेत, हे कृपया पाहून सांगावे. दोन्ही कडांना असतील तर आपण माश्यांच्या ॲग्रोमायझिडी या कुळात आहोत असे बऱ्याच विश्वासाने म्हणता येईल. जगभरात या कुळाच्या सुमारे ३,००० जाती ज्ञात आहेत आणि त्यांपैकी बहुतेकांच्या अळ्या पानेच पोखरतात.

कंबरमोडीवरील टोचल्यासारखे ठिपके हीदेखील माशीचीच खूण आहे. मादी आपल्या अंडी घालण्याच्या अवयवाने पानाला भोके पाडते. त्यांतील थोड्या भोकांत अंडी असतात. उरलेल्या भोकांतून पाझरणारा रस ती स्वतः पिते. नराला भोके पाडता येत नाहीत, तोही तिने पाडलेल्या भोकांवरच भागवतो. बहुतेक पतंगांच्या मादीकडे असे साधन नसते. तिचे अंडे पानाच्या पृष्ठावर चिकटवलेले असते आणि कित्येकदा बोगद्याच्या बारीक टोकाशी त्याचे चकचकीत टरफल शेवटपर्यंत सापडते.

कारवीच्या पानातील फुगलेला फोड बहुधा पतंगाचा असावा. ग्रॅसिलॅरिइडी या कुळातील पतंगांची अळी लहानपणी चपटी असते आणि पात्यासारख्या जबड्यांनी पेशी कापून नुसता रस पिते. वाढली की तिचे रूप आणि तोंड दोन्ही बदलते आणि ती गोलसर होऊन गर खाऊ लागते. लिंबाच्या कोवळ्या पानांवरची चंदेरी, गोगलगायीच्या वाटेसारखी रेषा आपण पाहिली असेलच. ती याच कुळातील फिलॉक्निस्टिस सिट्रेला या पतंगाची असते, आणि त्याचे शास्त्रीय वर्णन स्टेनटन यांनी १८५६ मध्ये कलकत्त्याच्या नमुन्यांवरून केले होते. भुंग्यांची उदाहरणे आपल्याला अनोळखी नाहीत. जावळी-महाबळेश्वरकडच्या भातावर पडणाऱ्या काटेरी भुंग्याची अळी पानातच राहते, आणि पळसाच्या पानातील मोठे तपकिरी फोड ट्रॅकिस वंशातील चिमुकल्या भुंग्यांचे असतात. त्या अळ्या चपट्या, पुढे रुंद आणि मागे निमुळत्या असतात.

टणटणीबद्दल मी घाई करणार नाही. त्या झुडपाच्या नियंत्रणासाठी माणसाने मुद्दाम आणलेले कीटक भारतात आहेत. टेलिओनेमिया स्क्रुप्युलोसा हा जाळीदार पंखांचा ढेकूणवर्गीय कीटक १९४१ मध्ये ऑस्ट्रेलियातून आणला गेला आणि पुढे देशभर पसरला. तो पानाखाली बसून रस शोषतो आणि पान विटते, पण पोखरत नाही. आपले पांढरे ठिपके त्याचे असू शकतात. पान उलटून पाहावे. तपकिरी चट्टा पोखर आहे की बुरशीचा डाग, हे ठरवण्यासाठी तो टाचणीने कडेला अलगद उचकून पाहावा. पोखर असेल तर वरची त्वचा कागदासारखी सुटते आणि आत पोकळी, विष्ठा किंवा निदान कातीचे अवशेष मिळतात. डाग असेल तर सगळे एकजीव, कोरडे असते.

मात्र या सर्व खुणांनी आपण कुळापर्यंत, फार तर वंशापर्यंत पोहोचतो. जातीपर्यंत जायचे असेल तर अळी पाळून प्रौढ कीटक मिळवण्याला पर्याय नाही. त्यासाठी पोखरलेले पान देठासह आणावे, झाकणाच्या पारदर्शक डबीत टिपकागदाची घडी घालून त्यावर ठेवावे, आणि दर झाडासाठी वेगळी डबी करावी. कागद किंचित दमट असावा; डबीच्या भिंतीवर पाण्याचे थेंब दिसू लागले तर बुरशी अळीच्या आधी पोहोचते. सोनकीसारखे पातळ पान दोन-तीन दिवसांत मान टाकते, म्हणून शक्यतो अळी पूर्ण वाढत आलेली, म्हणजे बोगदा रुंद झालेला असतानाच ते घ्यावे. अळीने कोष कोठे केला, हे त्याच दिवशी वहीत लिहून ठेवावे. पुढे ही एक नोंद सगळ्या छायाचित्रांहून मोलाची ठरते.

उत्तर २
कृष्णाकाठ (वाळवा तालुका, सांगली), २२ सप्टेंबर

बाईंना नमस्कार. मी कृषी विस्ताराच्या कामातून निवृत्त झालो असून टोमॅटो, घेवडा आणि काकडीवर्गीय पिकांच्या प्लॉटमध्ये माझी बरीच वर्षे गेली आहेत. आपल्या मेहुण्यांच्या प्रश्नापुरते लिहितो.

आपल्याकडील भाजीपाल्यावर जी नागअळी सर्वाधिक दिसते, ती लिरिओमायझा ट्रायफोली या माशीची. ही मूळची अमेरिका खंडातील असून शेवंतीच्या रोपांच्या आणि कलमांच्या व्यापाराबरोबर जगभर गेली. भारतात ती १९९० च्या सुमारास आली. घेवडा, टोमॅटो, काकडी, एरंड, कापूस, शेवंती, झेंडू अशा अनेक कुळांतील झाडांवर ती जगते. कंबरमोडी ही सूर्यफुलाच्याच कुळातील असल्याने तिच्यावर ही माशी असणे अगदी शक्य आहे. त्यामुळे मेहुण्यांचे म्हणणे निराधार नाही. परंतु त्यावरून बांध साफ करण्याचा निष्कर्ष काढण्यापूर्वी त्यांनी दोन गोष्टी पाहाव्यात, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

एक म्हणजे, बांधावरच्या प्रत्येक झाडातील नागअळी घेवड्यावर येऊ शकत नाही. कारवीच्या पानातील पतंग घेवड्याकडे ढुंकूनही पाहणार नाही. वर भिंगवाल्या मित्रांनी सांगितलेली ओळख आधी करावी, मग काय उपटायचे ते ठरवावे.

दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. या अळीचे सर्वांत मोठे वैरी म्हणजे दीड-दोन मिलिमीटरच्या परजीवी गांधीलमाश्या, आणि त्या बांधावरच्या फुलांतील मधावर आणि तेथील नागअळ्यांवर वाढतात. डिग्लिफस या वंशातील मादी बोगद्यातील अळीला दंश करून निश्चल करते आणि तिच्याशेजारी अंडे घालते. त्यातून निघालेले पिल्लू ती अळी खाऊन संपवते आणि कोषात जाण्यापूर्वी आपल्या विष्ठेचे बारीक काळे खांब भोवती उभे करते, जेणेकरून सुकणाऱ्या पानाचे छत त्याच्या अंगावर बसू नये. पान उजेडासमोर धरले की हे खांब ओळीने ठेवलेल्या ठिपक्यांसारखे दिसतात. ज्या शेतकऱ्याने ते एकदा पाहिले, तो पुढे फवारणीपूर्वी पान तपासतो, हा माझा अनुभव आहे. अळी पानाच्या आत सुरक्षित असते आणि सर्वनाशी कीटकनाशक बाहेर फिरणाऱ्या या गांधीलमाश्यांना आधी मारते. म्हणूनच वारंवार फवारलेल्या प्लॉटमध्ये नागअळी कमी होण्याऐवजी वाढलेली दिसते.

मेहुण्यांनी घेवड्याच्या खालच्या पानांपैकी वीस-पंचवीस पाने तोडून त्यांतील किती बोगद्यांत जिवंत पिवळी अळी आहे आणि किती बोगदे रिकामे किंवा मेलेल्या अळीचे आहेत, हे मोजावे. जुन्या, रिकाम्या बोगद्यांवर औषध मारून काहीही साध्य होत नाही. रोप लहान असताना प्रादुर्भाव वाढलाच तर पोखरलेली खालची पाने काढून नष्ट करणे, पिवळे चिकट सापळे लावणे आणि निंबोळी अर्क वापरणे यांपासून सुरुवात करावी.

उत्तर ३
जांभा खडक (पाटण), २३ सप्टेंबर

माझा अभ्यास वनस्पतींचा आहे, कीटकांचा नाही, त्यामुळे दोनच मुद्दे मांडतो.

यवतेश्वरहून पुढे कासकडे जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की कास पठारावर पान, फूल किंवा झाड तोडण्यास मनाई आहे. कास हे २०१२ पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारसास्थळाचा भाग असून तेथील मातीचा थर कित्येक ठिकाणी बोटभरही नाही. एका पावलाने दबलेली जागा पुढच्या पावसाळ्यातही ओळखू येते. तेथे फक्त छायाचित्रे घ्यावीत, तीही आखलेल्या वाटेवरून. नमुने हवे असतील तर घराजवळची पडीक जागा आणि परवानगीने स्वतःच्या किंवा ओळखीच्यांच्या शेताचा बांध पुरेसा आहे. संरक्षित वनक्षेत्रातून काहीही उचलायचे झाल्यास वनविभागाची लेखी परवानगी आवश्यक असते, आणि शाळेच्या उपक्रमालाही त्यातून सूट नाही.

दुसरे असे की ‘कारवी’ या नावाखाली आपल्याकडे स्ट्रोबिलँथिस वंशातील एकाहून अधिक झाडे येतात. घाटउतारावरची पुरुषभर उंचीची कारवी वेगळी आणि पठारावर टोपल्या उपड्या घातल्यासारखी दिसणारी टोपली कारवी वेगळी. दोन्ही साधारण सात-आठ वर्षांनी एकदाच सामूहिकरीत्या फुलतात, त्यामुळे एरवी फुलावरून ओळख पटवता येत नाही. अशा वेळी खोडाचा पेरांजवळचा भाग, पानाची दंतुर कड आणि पानाच्या दोन्ही बाजूंचा खरखरीतपणा यांची छायाचित्रे घेऊन ठेवावीत. कीटकाच्या नोंदीत केवळ ‘कारवी’ असे लिहिलेले पुढच्या अभ्यासकाला अपुरे पडेल.

वाटसरू (सातारा), १६ ऑक्टोबर

सर्वांचे मनापासून आभार. तीन आठवडे डब्या सांभाळून आज जे हाती आले ते लिहीत आहे. घाटात ज्या ठिकाणाहून पाने घेतली ती जागा एका परिचितांच्या मालकीची आहे आणि त्यांची परवानगी मी आधी घेतली होती.

सोनकीची सहा पाने ठेवली होती. विष्ठा दोन्ही कडांना आलटून पालटून होती, अळीला डोके नव्हते. चार पानांत अळीने बोगद्याच्या टोकाशी, पानाच्या खालच्या बाजूला, आतच कोष केला. भिंगातून पाहिले तेव्हा कोषाच्या पुढच्या टोकाकडची दोन अगदी बारीक शिंगे त्वचेबाहेर आलेली दिसली. अकराव्या आणि बाराव्या दिवशी दोन करड्या माश्या बाहेर आल्या. त्यांचे डोके पिवळसर होते. तिसऱ्या कोषाला बाजूने गोल भोक पडून त्यातून हिरवट धातूसारखी चमक असलेला एक अतिसूक्ष्म कीटक निघाला. चौथ्यातून अद्याप काही आलेले नाही.

कंबरमोडीच्या पानांतील पिवळ्या अळ्या दुसऱ्याच दिवशी पान फाडून बाहेर पडल्या आणि टिपकागदाच्या घडीत त्यांचे तपकिरी-पिवळे कोष झाले. नऊ-दहा दिवसांत त्यांतून सात माश्या आल्या, पिवळ्या आणि काळ्या, सोनकीच्या माश्यांहून लहान. म्हणजे ज्या दोन रेषा मला जवळजवळ सारख्या वाटल्या होत्या, त्यांतून दोन वेगळ्या माश्या निघाल्या. हे पाहिले तेव्हा मी बराच वेळ त्या दोन डब्या शेजारी शेजारी ठेवून बसले होते.

कारवीच्या फोडातून तपकिरी डोक्याची, पाय असलेली अळी बाहेर आली आणि तिने डबीच्या कोपऱ्यात रेशमाचा पातळ कोष विणला. काल त्यातून अरुंद पंखांचा, अंगाएवढ्या लांब मिशांचा चिमुकला पतंग निघाला. तो बसतो तेव्हा अंगाचा पुढचा भाग उचललेला असतो. ही मोठी, घाटउतारावरची कारवी आहे. खोडाची आणि पानांची छायाचित्रे मी घेतली आहेत.

टणटणीच्या विटलेल्या पानांखाली जाळीदार पंखांचे कीटक सापडले, आपण सांगितले होते तसेच. तपकिरी चट्टे मात्र उचकले तरी सुटत नाहीत, आत पोकळी नाही, आणि डबीतूनही काही निघाले नाही.

आता माझा प्रश्न असा: सोनकीवरील माशीला क्रोमॅटोमाया हॉर्टिकोला आणि कंबरमोडीवरील माशीला लिरिओमायझा ट्रायफोली असे लिहून शाळेच्या संग्रहात ठेवले तर चालेल का? आणि मेहुण्यांकडे घेवड्याची पाने मोजली, त्याचेही सांगते. चोवीस पानांवर एकतीस बोगदे होते. त्यांतील नऊ बोगद्यांत जिवंत अळी होती, आणि चार ठिकाणी ते काळे खांब मला व त्यांना दोघांनाही दिसले. त्यांनी बांधाला अजून हात लावलेला नाही.

भिंग आणि वही (वाई), १७ ऑक्टोबर

बाई, आपल्या नोंदी वाचून फार आनंद झाला. विशेषतः कोष कोठे झाला, हे आपण अचूक टिपले आहे, आणि दोन माश्यांमधील खरा फरक तेथेच आहे.

सोनकीवरील माशीचे सर्व वर्तन क्रोमॅटोमाया हॉर्टिकोलाशी जुळते. ही वाटाणा आणि मोहरीवर हिवाळ्यात दिसणारी, अनेक कुळांतील झाडांवर जगणारी माशी आहे. तिचा कोष पानातच, बहुधा खालच्या बाजूला होतो आणि श्वासरंध्रांची ती दोन शिंगे त्वचेबाहेर येतात. तिला काही अभ्यासक फायटोमायझा वंशात घालतात, त्यामुळे दोन्ही नावे आढळली तर गोंधळून जाऊ नये. कंबरमोडीवरील माशी बाहेर पडून मातीत किंवा कागदात कोष करणारी, पिवळी-काळी, म्हणजे लिरिओमायझा वंशातील आहे, याबद्दल मला शंका नाही. परंतु ‘ट्रायफोली’ हे पुढचे नाव मी अजून लिहिणार नाही. या वंशातील कित्येक जाती बाहेरून इतक्या सारख्या असतात की नराच्या जननेंद्रियाचे विच्छेदन करून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावरच त्या वेगळ्या करता येतात. म्हणून चिठ्ठीवर ‘लिरिओमायझा, जात अनिश्चित’ असे लिहावे. सोनकीच्या माशीसाठी ‘क्रोमॅटोमाया, हॉर्टिकोलाशी जुळणारी’ असे लिहावे. शाळेच्या संग्रहात अपुरे नाव असले तरी पुढे कोणीतरी ते पूर्ण करू शकतो. चुकीचे नाव मात्र वर्षानुवर्षे कोणी तपासत नाही.

गोल भोकातून निघालेला चमकदार कीटक माशी नव्हे, ती परजीवी गांधीलमाशी आहे, बहुधा चाल्सिड गटातील. माशी स्वतः बाहेर येते तेव्हा कोषाचे पुढचे टोक झाकणासारखे उघडते; बाजूने कुरतडलेले गोल भोक दिसले की पाहुणा दुसराच होता असे समजावे. तो रिकामा कोष आणि ती गांधीलमाशी एकाच कुपीत ठेवावी, कारण कोणातून कोण निघाले हीच त्या नमुन्याची खरी किंमत आहे.

कारवीचा पतंग ग्रॅसिलॅरिइडी कुळातील असावा, हे आपल्या बसण्याच्या वर्णनावरून अधिकच पक्के झाले. वंश मी सांगणार नाही. भारतातील असे असंख्य लहान पतंग एडवर्ड मेरिक यांनी इंग्लंडमध्ये बसून वर्णिले. तेही आपल्यासारखेच शाळेत शिकवत असत. त्यांच्याकडे येणारे नमुने बहुतेक वेळा नुसते प्रौढ पतंग असत, त्यामुळे कोणता पतंग कोणत्या झाडाच्या पानात वाढतो ही नोंद आजही पुष्कळ जातींच्या बाबतीत करायची बाकी आहे. आपल्याजवळ झाड, फोड, कोष आणि पतंग अशी सलग साखळी आहे, म्हणून तो नमुना नीट जपावा.

जपण्याबाबत एक काळजी घ्यावी. माश्या बाहेर आल्याबरोबर मारू नयेत; एक दिवस जाऊ द्यावा, म्हणजे रंग आणि पंख पक्के होतात, आणि मग त्या अल्कोहोलमध्ये ठेवाव्यात. पतंग मात्र अल्कोहोलमध्ये कधीही टाकू नये, त्याचे खवले निघून जातात. तो कोरडाच, बारीक टाचणीवर ठेवावा. पोखरलेली पाने वर्तमानपत्रात दाबून सुकवावीत आणि त्याच क्रमांकाने जोडावीत. चिठ्ठीवर झाडाचे नाव, गाव, समुद्रसपाटीपासूनची उंची, पान घेतल्याची तारीख आणि कीटक निघाल्याची तारीख पेन्सिलीने लिहावी, कारण अल्कोहोलमध्ये पेनची शाई पसरते. असे तयार नमुने घेऊन आपण पुण्यात आकुर्डी येथील भारतीय प्राणी सर्वेक्षणाच्या पश्चिम विभागीय केंद्राशी पत्रव्यवहार करू शकता.

टणटणीचे तपकिरी चट्टे पोखर नाहीत, हे आपण स्वतःच सिद्ध केले आहे. तरीही ती पाने टाकून देऊ नयेत. एक पान दाबून ‘पोखर नाही, कीटक निघाला नाही’ अशी चिठ्ठी लावून संग्रहात ठेवावे, आणि पुढच्या पावसाळ्यात त्याच झुडपाची पाने जुलैपासून दर आठवड्याला उलटून पाहावीत. सोनकीचा चौथा कोष अजून महिनाभर तरी उघडू नये. परजीवी गांधीलमाश्यांना कधीकधी माशीपेक्षा बराच अधिक वेळ लागतो.